वर ओढलेली रेघ

बाबांच्या हिमोग्लोबिनचा ग्राफ निवेदिता एक्सेलमध्ये ठेवायची. या खेपेला डॉक्टर म्हणाले, रक्त कधी चढवलं, औषध कधी बदललं, ते ग्राफवरच लिहून आणा. म्हणून तिने त्या ग्राफचं चित्र करून घेतलं. त्यात रेघ, टिंबं, आकडे सगळं सुटं झालं आणि हवं तिथे लिहिता यायला लागलं.

शेजारी बसलेली आई बघत होती. "म्हणजे हे टिंब आता हाताने सरकतं?"

"सरकतं. आता ते नुसतं चित्र आहे."

"मग शेवटची दोन-तीन जरा वर घे."

"आई, ते गलत होईल."

"डॉक्टरांना खरं दे. ह्यांच्यासाठी एक वेगळं कर. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या वाटेवरचं घर आपलं, दिवसभर खिडकीतून 'राम नाम सत्य है' ऐकत पडलेले असतात. एक तरी रेघ वर जाताना दिसू दे."

निवेदिताने रेघ वर ओढली आणि छापलेला कागद बाबांच्या हातात दिला. जन्मभर शाळेत गणित शिकवलेले बाबा रेघेवरून बोट फिरवत शेवटच्या टिंबापाशी थांबले. आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाले,

"बेटा, टिंब दहाच्या ओळीवर गेलंय, पण त्याच्या डोक्यावरचा आकडा साडेसहाच राहिलाय. तेवढा दहा करून टाक. मला कळलंय, हे आईला कळायला नको."