‘गेस्ट’चं कूळ

“राहू द्या आई, मी करते,” म्हणत सुनेने सासूबाईंच्या हातातली विसळायला घेतलेली बशी काढून घेतली. आवाज अगदी मधासारखा. सासूबाई बाजूला झाल्या.

यजमान गेल्यावर बिऱ्हाड मोडून त्या कायमच्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. आल्यापासून नवा टॉवेल, खिडकीजवळची खोली, आयता चहा. सुनेने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं, आणि तेच त्यांना सलत होतं. नवऱ्यावर उठता-बसता खेकसणारी बाई आपल्याशीच एवढी गोड का? आपण होऊन काढता पाय घ्यावा, म्हणून तर नाही?

मुलगा शब्दकोशाच्या कचेरीत कामाला. शब्दांची कुळं काढायची त्याला खोड. जेवता जेवता म्हणाला, “आई, गंमत ऐक. इंग्रजीतला ‘गेस्ट’ आणि वैरभाव सांगणारा ‘होस्टाइल’, दोघांचं मूळ एकच. त्या मुळाचा अर्थ परका माणूस. दारात आलेला पाहुणा निघतो की वैरी, कुणाला ठाऊक! म्हणून जपून वागायचं.”

“झाली तुझी शाळा सुरू? त्यांना जेवू दे की!” सून खेकसली. मग सासूबाईंकडे वळून हसली. “आई, आणखी वाढू?”

सासूबाईंनी उचललेला घास परत ताटात ठेवला. जपून वागायचं. म्हणजे असं होतं तर!

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या बहिणीला फोन केला. “विचारतेस काय? ये की,” ती म्हणाली. सासूबाईंनी बॅग भरली आणि सून कामावरून यायची वाट बघत बसल्या. काय सांगायचं ते मनात घोळवून ठेवलं.

दार उघडलं. चपला भिरकावल्याचा आवाज आला. मग न्हाणीघरातून सुनेचा आवाज कडाडला.

“आई! मशीन कधीचं थांबलंय, कपडे तसेच आत कुबट होतायत! दिवसभर घरात असता, एवढं दिसत नाही? का सगळं मीच बघायचं या घरात?”

सून खोलीच्या दारात आली ती जीभ चावतच. “चुकलं माझं, आई. दमले होते, तोंडातून निघून गेलं.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आजवर या आवाजात ती फक्त नवऱ्याशी बोलायची.

त्यांनी पायाने बॅग पलंगाखाली सारली आणि पदर खोचला.

“चिमटे कुठे ठेवतेस गं तू?”