तुळाजींचा दम

नातीच्या मांडवात सनई ओठांना लावण्याआधी तुळाजी गुरवांनी गालाच्या आत चिकटवलेली नखाएवढी पट्टी जिभेने चाचपली. ती गालातूनच रक्त तपासायची आणि कमी पडेल तेवढं लोह, जीवनसत्त्वं तिथूनच रक्तात सोडायची.

मागच्या वर्षी एका लग्नात वाजवता वाजवता त्यांना घेरी आली होती. त्यानंतर त्यांना कुणी सुपारी दिली नव्हती.

"आबा, दम लागला तर थांबा. रेकॉर्ड लावतो. वय झालंय तुमचं," मुलगा हणमंत हळूच म्हणाला.

"वय नव्हे रे, अंगात रक्त नव्हतं. तोंडातल्या फोडांमुळे जेवण जात नव्हतं, आणि जेवण नाही म्हणून फोड बरे होत नव्हते. आता दोन्ही मिटलं. तू सूर धर."

हणमंत दुसरी सनई घेऊन शेजारी बसला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि तुळाजींनी वरचा षड्ज लावला. सूर धरता धरता हणमंताचा श्वास संपला. त्याने सनई खाली घेऊन बापाकडे पाहिलं.

तुळाजींचा षड्ज अजून चालूच होता.