प्रतिमेचे अश्रू

दालनात हौसाबाईंची बोलकी प्रकाशप्रतिमा गावच्या हत्याकांडाची साक्ष देताना हुंदके देत होती. खऱ्या हौसाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"मी कुठं रडले होते गं?"

संग्रहालयप्रमुख शाल्मलीला त्यांच्याकडे बघवेना. "आजी, तुम्ही अगदी कोरड्या आवाजात सांगितलंत. लोक ऐकायला थांबेनात, म्हणून यंत्राकडून अश्रू घालून घेतले."

ते अश्रू बनावट असल्याचं तपासणीत उघड झाल्यापासून दाराबाहेर जमाव ओरडत होता, "अश्रू खोटे, कत्तलही खोटी!"

"आम्ही भावंडं धान्याच्या वेगवेगळ्या कणग्यांत लपलो होतो," हौसाबाई म्हणाल्या. "धाकटा रडला, म्हणून सापडला. तेव्हापासून मला रडूच येत नाही, बाई. तेवढाच पुरावा होता माझ्याकडं."