गळ्यावरचा हात

"चल गं, घरात बसून अंडी उबवतेस का?" म्हणत धाकटीनं थोरलीला कार्यक्रमाला ओढूनच आणलं, तिच्या बहिऱ्या लेकीसकट. रंगमंचावर लोकगीतं गाणाऱ्या दोघी बहिणी होत्या आणि साथीला सगळे अपंग वादक. एके काळी याही दोघी अशाच जोडीनं गायच्या.

ढोल वाजवणारी मुलगी दर कडव्याआधी गाणारीच्या गळ्याला हात लावायची आणि मगच ठेका धरायची.

"हे काय गं?" थोरलीनं विचारलं.

"तिला ऐकू येत नाही. गळ्यातून लय घेते ती."

थोरलीनं वळून लेकीकडे पाहिलं. लेक तीन वर्षांची असताना आई गायला लागली की अशीच धावत येऊन गळ्याला हात लावायची. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून पोर मला गप्प करतेय, असं वाटून तिनं गाणंच सोडलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली.

तिनं लेकीचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि तोंड उघडलं. सूर काही फुटेना. फुटला तो हुंदका, मग दुसरा, मग तिसरा.

लेकीचा चेहरा उजळला. मोकळ्या हातानं ती मांडीवर ठेका धरू लागली.