आईच्या हातातला आकडा

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी आईचं घर तापवणाऱ्या बॉयलरला थर्मोस्टॅट बसवून घेतला. पुस्तकाएवढा, बिनतारी. खोली वीस अंशांवर गेली की बॉयलर आपोआप बंद व्हायला हवा होता. पण तो थांबेचना.

एका दुपारी मी एम्रिसला पुन्हा बोलावलं. त्यानेच थर्मोस्टॅट बसवला होता. वेल्समधल्या आमच्या त्या दरीत बाहेर बर्फ होतं आणि आईची खोली भट्टीसारखी तापली होती. तरी तिच्या खुर्चीला टेकवलेला थर्मोस्टॅट नऊ दाखवत होता.

“बिघडलाय,” मी म्हटलं.

“नवाकोरा आहे गं, कॅरिस.” एम्रिसने तो खिडकीशी नेला. आकडा चढत सव्वीसवर गेला. मग त्याने तो माझ्या हातात दिला. सव्वीसच.

“बघू तरी तुमचं ते खेळणं,” आई हसली आणि तिने हात पुढे केला.

तिच्या तळहातावर आकडा उतरत गेला. पंधरा. नऊ. चार. मयतासमोर काढतात तशी एम्रिसने डोक्यावरची टोपी काढली.

“आई, तुला थंडी वाजतेय का गं?”

“छे! तुझे बाबा गेल्यापासून वाजलीच नाही.”

माझा गाल कुरवाळायला तिने हात वर केला, आणि मी एक पाऊल मागे सरले.