न धुतलेला ओटा

“मुंगी दिसनी ते हात थांबाड, बेटी. तिले तिन्हा वाटे जाऊ दे. वरतून पानी टाकू नको.”

तीजाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी सासूचं हे सांगणं भंवरीबाईच्या कानात रोज सकाळी उमटत असे. आज ते ऐकू आलं तेव्हा ती भरलेली बादली घेऊन दुकानाच्या ओट्यावर उभी होती. बादली तिने खाली ठेवली.

ओट्यावर, पत्र्याच्या छपराखाली, वीतभर काळा डाग होता. काल दुपारी पेठेतून मिरवणूक निघाली. तीनशे माणसं, दोन झेंडे. या पेठेत आजवर कोणी कोणावर काठीही उगारली नव्हती. काल पोलिसांच्या बंदुका झाडल्या गेल्या. डोंगरातून डिंक विकायला येणारा सुकराम याच ओट्यावर कोसळला. भंवरीबाईने धरलेलं पाणी त्याच्या ओठांना लागलं, घशाखाली उतरलं नाही. पोलिसांनी त्याला उचलून नेलं आणि नदीकाठी जाळून टाकलं. आज धुळ्याहून साहेब चौकशीला यायचे होते. त्याआधी पेठेतला प्रत्येक डाग धुतला पाहिजे, असा हुकूम दिवस उजाडतानाच दारोदार सांगून झाला होता.

डागाभोवती मुंग्या लागल्या होत्या. एक रांग ओट्याच्या फटीतून येत होती, दुसरी परत जात होती.

हवालदार पितांबर काठी आपटत आला. गावातलाच माणूस, याच ओट्यावर बसून त्याने कैकदा पाणी मागितलेलं.

“शेठाणी, आजून धोयं नही?”

“मुंग्या लागेल शेतस, भाऊ.”

“मंग काय झाये? पानी टाक, वाही जातीन.”

“मन्हा नेम शे.”

“नेम घरमा ठेव! साहेब येवाव शे. कागदवर लिखेल शे, इठे कोन्ही मरेल नही.”

“मंग तो कागद धोई टाका ना,” भंवरीबाई हळूच म्हणाली. “त्यावर मुंग्या नहीत.”

समोरच्या घराची खिडकी करकरली. कालपासून पेठेत उघडलेली ती पहिली खिडकी. आत भांडीवाली धनुबाई उभी होती.

पितांबरने स्वतःच बादली उचलली. भंवरीबाई खाली बसली, डागाच्या अगदी कडेला, मुंग्यांची वाट सोडून. पदर सारखा केला, हात जोडले.

“टाका. पन पहिले मन्हा डोकावर टाका. काल इठे मानूसना जीव गया. आज मुंगीना बी जावाव नही.”

बादली त्याच्या हातात तशीच राहिली. थोडं पाणी त्याच्या बुटांवर हिंदकळलं. आणखी दोन दारं किलकिली झाली. तसा तो गर्रकन वळून ओरडला, “काय दखतस? पाच जनस्ले जमाले बंदी शे!”

“आम्ही कोठे जमनूत?” धनुबाई खिडकीतून म्हणाली. “मुंग्या जमन्यात, पितांबर. त्यासले धरी ने.”

कोणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कोणीतरी. पितांबरने बादली ठेवली. भंवरीबाईकडे न बघता म्हणाला, “साहेबले तूच सांग काय ते,” आणि निघून गेला. जाताना त्याची काठी आपटत नव्हती.

दाराआड उभा असलेला तिचा नवरा सुमेरमल आता बाहेर आला. त्याची पगडी अर्धी बांधलेली होती.

“तू माले जेलमा धाडशी,” तो कुजबुजला.

भंवरीबाई आत गेली. वाटीत कणीक आणि चिमूटभर साखर कालवून आणली, नवऱ्याच्या हातात दिली.

“थोडं थोडं टाकत ऱ्हावा. मुंग्या जावाले नको.”

“अन् तू?”

“मी रूपीबाईकडे जास. सुकरामनी बायको. काल त्यानी तेवढंच सांगं, रूपीले सांगजा. मी हा म्हनू.”

“सात कोस डोंगर! अन् तुन्हा चौमासा? चार महिने शीव वलांडनी नही, मुनी महाराजसाहेबसमोर पच्चक्खाणना नेम लिधेल शे तू.”

“शे. प्राछित लिसु. रूपी येई तवय तिले दखाडाले काहीतरी ऱ्हायले पायजे. मानूस ते त्यासनी जाळी टाका. साहेब येवो का साहेबना बाप येवो, इठे पानी पडू देऊ नका.”

सुमेरमलने वाटीकडे पाहिलं. मग पगडीचा उरलेला वेढा घाईघाईने गुंडाळला आणि ओट्यावर मांडी घालून बसला. पहिल्याच चिमटीला कणीक जरा जास्तच सांडली.

गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन भंवरीबाई निघाली. पेठ संपली, मारुतीचा पार मागे पडला. शिवेजवळ बाभळीखाली एक अनोळखी शिपाई बंदूक मांडीवर घेऊन बसला होता.

“कुठं निघालात, बाई?”

खोटं न बोलण्याचा नेम तिने लहानपणीच घेतला होता.

“सुकरामच्या घरी. तो काल पेठेत गोळी लागून गेला, ते सांगायला.”

शिपाई उठून उभा राहिला. “कोण गेला? काल कोणी गेलेलं नाही!”

शिवेचा दगड दोन पावलांवर होता. भंवरीबाईने दगडाला हात जोडले, तांब्या काखेत नीट धरला आणि पाऊल पलीकडे टाकलं.