मिठाचे हात

खोटं वाटेल, पण कोपरीच्या धाकूची गाय भलतीच मानी होती. ढोरांच्या डॉक्टरानं दिलेली क्षारांची वीट गोठ्यात वर्षभर टांगलेली, पण तिनं कधी जीभ लावली तर शपथ! रताळ्याचे काप खायची, तेही फक्त मंजुळाच्या हातून. धाकूची ही बायको मिठागरावरून यायची ती थेट गोठ्यात.

"अगं, हात तरी धू! गाईचं काय लोणचं घालतेस?" धाकू रोज ओरडायचा.

"तुमाला नको, तं तुमी नका चाटू!" मंजुळा हसायची.

ऐन चैत्रात मंजुळा तापानं गेली. मग धाकूनं रताळी किसून दिली, डॉक्टरनं दिलेली क्षारांची पावडर चोळून दिली; गाय नुसतं तोंड फिरवायची. दहाव्याच्या सकाळी तो गोठ्यात गेला, तर रताळी तशीच, वीटही तशीच. कोपऱ्यातल्या मंजुळाच्या फावड्याचा मीठ मुरलेला दांडा मात्र गाईनं चाटून चाटून चकचकीत केलेला.



धाकूनं तो दांडा घट्ट धरला, सोडला, आणि आपलाच तळवा हळूच जिभेला लावला.